आकाशातील खाणी आणि जमिनीवरचा हिशेब

१३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील केनेडी अवकाश केंद्रावरून एक यान ‘सायकी’ नावाच्या लघुग्रहाकडे निघाले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारा, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर व्यासाचा हा लघुग्रह १८५२ साली आनिबाले दे गास्पारिस या इटालियन ज्योतिर्विदाने नेपल्सहून शोधून काढला होता. त्यात धातूचे प्रमाण मोठे असावे असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. ग्रहांच्या पोटातील गाभा कसा असतो याची काही कल्पना तेथे येईल, या जिज्ञासेपोटी हे यान सुमारे साडेतीनशे कोटी किलोमीटरच्या प्रवासाला निघाले असून ते २०२९ मध्ये तेथे पोहोचावे अशी योजना आहे. त्यावर छायाचित्रे घेणारी, चुंबकत्व मोजणारी आणि पृष्ठभागातील मूलद्रव्ये ओळखणारी उपकरणे आहेत. पहार किंवा फावडे नाही. ते सायकीवर उतरणारही नाही. तरीही जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी दिली ती एका आकड्यासह. सायकीवरील लोहाचे मोल, एकावर एकोणीस शून्ये मांडावीत इतके डॉलर आहे, असा तो आकडा होता.

हा आकडा समजून घेण्याजोगा आहे. जगातील सर्व देशांचे एका वर्षाचे एकत्रित उत्पन्न अदमासे शंभर लाख कोटी डॉलर भरते. सायकीचे मोल त्याच्या लाखपट झाले. पृथ्वीवरील आठशे कोटी माणसांना ते सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे कोटी डॉलर येतील. शाळेतील गणिताच्या शिक्षकाला या त्रैराशिकात चूक सापडणार नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातील गृहीतकच खोटे आहे हे तत्काळ ध्यानात यावयास हवे. प्रत्येकाच्या खिशात सव्वाशे कोटी असतील त्या दिवशी शेरभर दूध विकायला कोण येणार आणि ते काय भावाने विकणार? हा हिशेब मांडणाऱ्या लिंडी एल्किन्स-टँटन या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ. हा आकडा गंभीरपणे घेण्याचा नाही, हे त्यांनीही स्पष्ट केले होते. आकडा जगभर फिरला. इशारा मागे राहिला.

तो केवळ करमणुकीचा विषय राहिला असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु अशा आकड्यांच्या जोरावर गेल्या दशकात कंपन्या उभ्या राहिल्या, भांडवल गोळा झाले, एका देशाच्या सरकारने आपल्या तिजोरीतील पैसा त्यात घातला, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे कायदे झाले. कंपन्या बुडाल्या; कायदे उरले. म्हणूनच लघुग्रहांवरील सोन्या-प्लॅटिनमचा हिशेब शांतपणे तपासून पाहणे आवश्यक ठरते. तो तपासला म्हणजे असे दिसते की, विपुलतेच्या या स्वप्नाआड जी मागणी दडली आहे ती विपुलतेची नव्हे, मक्तेदारीची आहे.

भाव कशाचा?

लघुग्रहांवरून आणण्याजोगा धातू म्हणून प्लॅटिनमचे नाव नेहमी पुढे केले जाते आणि ते साहजिक आहे. लोखंड किंवा निकेल इतक्या दुरून वाहून आणणे परवडणार नाही हे कोणीही मान्य करील. प्लॅटिनम मात्र वजनाने थोडे, मोलाने मोठे. वाहनांच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी, रसायनांच्या कारखान्यांत आणि दागिन्यांत ते वापरले जाते. जगातील सर्व खाणींतून वर्षाला सुमारे १८० टन प्लॅटिनम निघते आणि त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. २०२३ मध्ये त्याचा भाव औंसाला सुमारे हजार डॉलर होता. त्या हिशेबाने एका टनाचे सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर आणि सबंध जगाच्या वर्षभराच्या उत्पादनाचे सुमारे ५८० कोटी डॉलर होतात. त्यानंतर भाव चढला. पण तो दुप्पट धरला तरी चित्र फारसे बदलत नाही. ज्या बाजारातून लाखो कोटी डॉलर काढण्याच्या गोष्टी बोलल्या जातात, तो बाजार मुळात एवढासाच आहे.

यातून सुटका नसलेला पेच उभा राहतो. एखाद्या कंपनीने आकाशातून वर्षाला १८० टन प्लॅटिनम आणले, तर जगातील पुरवठा दुप्पट होईल आणि भाव कोसळेल. तिने एकच टन आणले तर भाव टिकेल. पण हाती तीन-सव्वातीन कोटी डॉलर येतील आणि त्यात यानाचा खर्चही निघणार नाही. थोडे आणावे तर पोट भरत नाही आणि पुष्कळ आणावे तर अन्नाची चवच नाहीशी होते, अशी ही स्थिती आहे.

हे नुसते तर्कशास्त्र नव्हे. इतिहासाचा अनुभवही असाच आहे. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोटोसी येथे स्पॅनिश लोकांना चांदीचा अक्षरशः डोंगर सापडला. ती चांदी गलबते भरभरून स्पेनला गेली आणि तेथून युरोपभर पसरली. तिचा एक ओघ व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेसारख्या बंदरांत उतरून हिंदुस्थानातील कापडाची किंमत चुकवू लागला. स्पेन मात्र श्रीमंत झाला नाही. चांदी वाढली तशी तिची किंमत उतरली. शतकभरात तेथील जिनसांचे भाव तिपटी-चौपटीने चढले. आणि ज्याच्या मालकीचा हा डोंगर होता त्या दुसऱ्या फिलिप राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ अशी तीनदा दिवाळखोरी जाहीर केली. चांदी म्हणजे संपत्ती नव्हे, चांदीची टंचाई म्हणजे तिचा भाव, ही गोष्ट सालामांकाच्या विद्यापीठात शिकविलेल्या मार्टिन दे आस्पिलक्वेटा या धर्मशास्त्र्याने १५५६ मध्येच लिहून ठेवली होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ॲल्युमिनियमचे आहे, आणि लघुग्रहांचे पुरस्कर्ते ते आवर्जून देतात. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या टोकावर ॲल्युमिनियमची टोपी बसविली गेली, कारण त्या काळी तो धातू चांदीच्या मोलाचा होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची रीत शोधली आणि पुढे तो घरोघरच्या पातेल्यांत आला. प्लॅटिनमचेही असेच का होऊ नये, असा प्रश्न विचारला जातो. तसे झाले तर मानवजातीचे कल्याणच होईल, यात शंका नाही. हायड्रोजनवर चालणारी विद्युत्‌घटे प्लॅटिनमच्या महागाईमुळेही अडली आहेत. ती स्वस्त होतील. परंतु ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते उत्पादनाचा खर्च घटल्यामुळे. खर्च आधी उतरला, भाव मागून उतरला, आणि उत्पादक जगला. लघुग्रहांच्या बाबतीत भाव आधी उतरेल आणि खर्च मात्र आकाशालाच टेकलेला राहील. लाभ समाजाचा आणि तोटा उद्योजकाचा, असा हा व्यवहार असेल; आणि ज्या व्यवहारात तोटा निश्चित आहे त्यात खाजगी भांडवल उतरत नाही.

बारा आण्यांचा मसाला

खर्चाकडे वळले म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण सौम्य वाटू लागते. मनुष्याने आजवर लघुग्रहांवरून प्रत्यक्षात किती माल आणला? जपानचे ‘हायाबुसा’ यान २००३ मध्ये निघाले आणि २०१० मध्ये इतोकावा लघुग्रहावरील धुळीचे सुमारे दीड हजार कण घेऊन परतले. त्यांचे वजन मिलिग्रॅमभरही नव्हते. त्याच्या पुढच्या यानाने २०२० मध्ये र्‍यूगू लघुग्रहावरून सुमारे साडेपाच ग्रॅम माती आणली. अमेरिकेचे ‘ओसायरिस-रेक्स’ यान २०१६ मध्ये गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने बेन्नू लघुग्रहावरील १२१.६ ग्रॅम ऐवज पृथ्वीवर उतरविला. त्या मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक आहे. म्हणजे ग्रॅममागे ऐंशी लाख डॉलरांच्या वर. विज्ञानाच्या दृष्टीने हा खर्च सार्थकी लागला, याबद्दल वाद नाही. सूर्यमालेच्या जन्मकाळची माती हाती येणे ही अमोल गोष्ट आहे. परंतु अमोल असणे आणि बाजारात मोल येणे यांत अंतर आहे.

विज्ञानाच्या मोहिमेवरून व्यापाराचे अनुमान काढणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप घेता येईल. तर मग व्यापाराच्या दृष्टीने उपयुक्त असा एक हिशेब पाहावा. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील केक संस्थेच्या अभ्यासगटाने सात मीटर व्यासाचा, सुमारे ५०० टन वजनाचा एक लघुग्रह सबंध उचलून चंद्राभोवतीच्या कक्षेत आणून ठेवण्याची योजना तपासली आणि तिचा खर्च २६० कोटी डॉलर येईल असा अंदाज दिला. आता धातुमय अशनींच्या तपासणीवरून असे दिसते की, त्यांत प्लॅटिनमचे प्रमाण टनामागे काही ग्रॅम ते काही दशक ग्रॅम असते. दक्षिण आफ्रिकेतील खाणींत प्लॅटिनम आणि त्याच्या भावंड धातूंचे एकत्रित प्रमाण टनामागे तीन ते सहा ग्रॅम आहे. म्हणजे आकाशातील दगड पृथ्वीवरच्या दगडाहून दसपट संपन्न असू शकतो, हे खरे. तो ५०० टनांचा लघुग्रह टनामागे ५० ग्रॅम इतका उदारपणे संपन्न धरला, तरी त्यात प्लॅटिनम भरेल २५ किलो, आणि त्याची किंमत होईल सुमारे आठ लाख डॉलर. खर्च २६० कोटींचा, माल आठ लाखांचा. पुन्हा तो दगड चंद्रापाशीच असणार; तो फोडणे, त्यातील धातू वितळवून वेगळा करणे, तो वातावरणातून न जळता खाली आणणे, हे सारे बाकीच.

याशिवाय व्याज आहे, आणि ते कर्ज काढून घर बांधणाऱ्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. लघुग्रह निवडणे, यान बांधणे, ते पाठविणे, खनन करणे आणि माल परत आणणे यांत पंधरा वर्षे सहज जातील. इतक्या जोखमीच्या धंद्यात पैसा घालणारा दरसाल दरशेकडा पंधरा तरी मागेल असे धरले, तर आज घातलेले शंभर कोटी डॉलर पंधरा वर्षांनी चक्रवाढीने आठशे कोटींवर जातात. २०२३ च्या भावाने सबंध जगाचे वर्षभराचे प्लॅटिनम विकूनही ही रक्कम उभी राहत नाही.

धातू असणे आणि धातू परवडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे भारताला आकाशाकडे न पाहताही शिकता आले आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी शंभराहून अधिक वर्षे चालल्या. त्या तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या तेव्हा दगडातून सोने नाहीसे झाले होते असे नव्हे. खाण खोल गेली, दगडातील सोन्याचे प्रमाण घटले, आणि एक ग्रॅम सोने वर आणण्याचा खर्च त्या ग्रॅमच्या भावापेक्षा जास्त झाला. अर्थशास्त्राने ती खाण मिटविली, भूगर्भशास्त्राने नव्हे.

स्वस्त प्रवास आणि आकाशातील पाणी

पुरस्कर्त्यांच्या बाजूने दोन युक्तिवाद बलवान आहेत आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला असा की, अवकाशप्रवास झपाट्याने स्वस्त होत आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलने एक किलो वजन पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेण्याचा खर्च सुमारे ५४ हजार डॉलर येत असे; ‘फाल्कन-९’ या पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या अग्निबाणाने तो सुमारे २,७०० डॉलरांवर आणला. ही घट क्रांतिकारक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रक्षेपणाचा खर्च हा सबंध खर्चाचा एक भाग झाला. वर सांगितलेला बाजाराचा पेच त्यामुळे सुटत नाही; उलट, प्रवास जितका स्वस्त, तितके स्पर्धक अधिक आणि भाव तितका लवकर खाली.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. धातू पृथ्वीवर आणूच नयेत. लघुग्रहांवरील पाणी काढावे, त्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे इंधन बनवावे आणि ते अवकाशातच यानांना विकावे, असे काही जण म्हणतात. तत्त्वतः हे सयुक्तिक आहे, कारण पृथ्वीवरून नेलेल्या पाण्याला वाहतुकीचाच भार फार पडतो. मात्र या युक्तिवादाची पहिल्याशी फारकत आहे. पृथ्वीवरून पाणी वर नेण्याचा खर्च जसजसा उतरेल, तसतसा आकाशातील पाण्याचा भावही उतरेल. शिवाय, हे पाणी विकत घेणारी याने आज इतकी नाहीत की त्यांच्यावर एक धंदा उभा राहावा. गिऱ्हाईक येण्यापूर्वी अरण्यात पाणपोई बांधून ठेवण्यासारखे हे आहे. ती पुण्यकर्म ठरेल, व्यापार ठरणार नाही.

एका वर्षातील दोन घटना

२०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ या कंपनीची मोठ्या गाजावाजाने घोषणा झाली. पीटर डायमॅन्डिस आणि एरिक अँडरसन हे तिचे संस्थापक. गूगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट हे तिचे पाठीराखे. जगाच्या संपत्तीत लाखो कोटी डॉलरांची भर घालण्याचे अभिवचन तिने दिले. २०१५ च्या जुलैमध्ये एक लहानसा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे चोवीस लाख किलोमीटरांवरून गेला, तेव्हा त्याच्या पोटात पाच लाख कोटी डॉलरांचे प्लॅटिनम असल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, याहून वेगळे काय म्हणावे? २०१६ मध्ये लक्झेंबर्गच्या सरकारने या कंपनीचे सुमारे १ कोटी २० लाख युरोंचे भाग घेतले. कंपनीचा एक छोटा उपग्रह १२ जानेवारी २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताच्याच पीएसएलव्ही अग्निबाणाने वर गेला. त्याच वर्षी कंपनीचा पैसा संपला आणि ऑक्टोबरात ती विकली गेली. तिची प्रतिस्पर्धी ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ हीही त्यापाठोपाठ दुसऱ्याच्या ताब्यात गेली. दोघींपैकी एकीनेही लघुग्रहाला कधी स्पर्श केला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘ॲस्ट्रोफोर्ज’ या नव्या कंपनीचे यान एका लघुग्रहाकडे निघाले. काही दिवसांतच त्याच्याशी असलेला संपर्क तुटला.

प्लॅनेटरी रिसोर्सेसची घोषणा झाली त्याच २०१२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतील मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत संप झाला. जमिनीखाली दगड फोडणारे कामगार महिना साडेबारा हजार रँड पगार मागत होते. १६ ऑगस्ट रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात त्यांच्यातील ३४ जण ठार झाले. एकाच धातूच्या या दोन बातम्या चार महिन्यांच्या अंतराने आल्या. पण पहिलीच्या चर्चेत दुसरीचे नाव क्वचितच निघाले. प्लॅटिनमचा भाव कोसळला तर पहिला आघात होईल तो या कामगारांवर आणि त्यांच्या देशावर, हा प्रश्न आकाशातील खजिन्याच्या गणितात धरला जात नाही. विपुलतेचे अभिवचन देणाऱ्यांनी ही बाजूही ताळेबंदात मांडली पाहिजे.

विपुलता लपविण्याचा धंदा

मग या उद्योगात कोणालाच कधी लाभ होणार नाही काय? एका परिस्थितीत होऊ शकतो, आणि तीच चिंतेची आहे. मुबलक वस्तूवर पैसा मिळविण्याचा एक जुना मार्ग आहे: ती मुबलक आहे हे बाजाराला जाणवू न देणे. १८७० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे इतके हिरे सापडू लागले की, त्यांचा भाव मातीमोल होण्याची धास्ती खाणमालकांना वाटली. सेसिल ऱ्होड्सने १८८८ मध्ये ‘डी बीअर्स’ या एका कंपनीखाली त्या खाणी एकत्र केल्या. पुढे शंभर वर्षे हिरे मोजून-मापून बाजारात सोडले गेले आणि ते दुर्मिळ आहेत हा समज टिकून राहिला. जो कोणी लघुग्रहांवर पहिला पोहोचेल आणि इतरांना दूर ठेवू शकेल, त्याला हाच मार्ग मोकळा असेल. प्लॅटिनमचा भावंड धातू ऱ्होडियम घ्या. त्याचे जागतिक उत्पादन वर्षाला वीस-पंचवीस टनांच्या आसपास आहे. २०२१ च्या मार्चमध्ये त्याचा भाव औंसाला सुमारे तीस हजार डॉलरांवर चढला आणि २०२३ मध्ये पाच हजारांच्या खाली आला. इतक्या अरुंद बाजारात ज्याच्या हाती साठा असेल तो भाव हवा तसा नाचवू शकेल. म्हणजे लघुग्रहांच्या अर्थशास्त्रातील कळीचा शब्द ‘किती’ हा नसून ‘कोणाच्या मालकीचे’ हा आहे.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमाने चंद्र आणि इतर खगोल कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचे करून घेता येणार नाहीत, असे ठरविले. १९७९ च्या चंद्र-कराराने त्यापुढे पाऊल टाकून तेथील साधनसंपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा असल्याचे म्हटले आणि खनन शक्य होण्याची वेळ येताच त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था निर्माण करावी, असे बंधन घातले. तो करार १९८४ मध्ये अमलात आला, पण अमेरिका आणि रशिया यांनी तो स्वीकारला नाही. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली. त्याला अंतिम मान्यता मात्र दिली नाही. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून लघुग्रहावरून काढलेला माल काढणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या मालकीचा ठरविला. २०१७ मध्ये लक्झेंबर्गने, २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी आणि २०२१ मध्ये जपानने तसेच कायदे केले. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ‘आर्टेमिस’ करारनाम्यात असे खनन म्हणजे मालकी सांगणे नव्हे, असा अर्थ लावला गेला असून २०२३ च्या जूनमध्ये भारतानेही त्यावर सही केली आहे. जमीन कोणाचीच नाही, पण तीतून निघेल ते ज्याचे त्याचे, असा हा न्याय आहे. गावच्या सामाईक कुरणावर कोणाची मालकी नसावी, मात्र ज्याच्यापाशी सर्वांत मोठी विळी असेल त्याने सगळे गवत कापून न्यावे, असे म्हणण्यासारखे ते आहे.

समुद्रतळाचा धडा

याला मिळताजुळता प्रसंग भारताने एकदा अनुभवला आहे. १९६५ मध्ये जॉन मेरो या अमेरिकी तज्ज्ञाने समुद्रतळावरील निकेल, तांबे व कोबाल्ट असलेल्या बटाट्याएवढ्या गोळ्यांचे मोठे आकर्षक गणित मांडले, आणि वीस वर्षांत त्यांचा व्यापारी उपसा सुरू होईल अशी हवा निर्माण झाली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ च्या जानेवारीत असे गोळे समुद्रतळातून वर काढले, आणि १९८७ मध्ये या क्षेत्रातील आद्य गुंतवणूकदार म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळविणारा भारत हा पहिला देश ठरला. त्यानंतरच्या तीन दशकांत कोणत्याही देशाने त्या गोळ्यांचा व्यापारी उपसा केला नाही. हिशेब जुळत नव्हता. पण ‘गवेषणी’चे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. १९८२ च्या समुद्रविषयक कराराने खोल समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा ठरविला, १९९४ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले, आणि ज्या देशांपाशी तंत्र नव्हते त्यांचाही हक्क त्यात मान्य झाला. त्या वाटाघाटीत भारताचा शब्द वजनदार ठरला, कारण त्याच्यापाशी जहाज होते आणि शास्त्रज्ञही होते. ज्या अमेरिकेने तो करार स्वीकारला नाही, तिच्या अध्यक्षांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये प्राधिकरणाची वाट न पाहता समुद्रतळाच्या खननाला गती देण्याचा आदेश काढला. लिहिलेला कायदाही बलाढ्यांना नेहमी बांधून ठेवू शकत नाही, हे यावरून दिसते. पण तो लिहिलेला असला म्हणजे निदान उल्लंघनाला उल्लंघन म्हणता येते.

आज भारताचे यान चंद्रावर उतरले आहे आणि त्याचे अग्निबाण परदेशी उपग्रहही वाहून नेतात. लघुग्रहांच्या बाबतीतही बोलण्याचा अधिकार त्याने कमावला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीने २०२१ मध्ये साधनसंपत्तीच्या प्रश्नासाठी कार्यगट नेमला. तेथे भारताने दोन्ही सह्यांचा मेळ घालून स्पष्ट भूमिका घ्यावयास हवी. ज्याने श्रम केले त्याला मोबदला मिळावा, परंतु पहिल्याने इतरांची वाट अडवू नये. आणलेल्या धातूचा एक वाटा सामाईक निधीत पडावा. आणि ज्या देशांची उपजीविका त्या धातूवर आहे त्यांना सावरण्याची तरतूद असावी. हे मागण्याची हीच वेळ आहे. आज आकाशातील खाणीत कोणाचाही पैसा खऱ्या अर्थाने गुंतलेला नाही. जेव्हा गमावण्यासारखे काही नसते तेव्हाच वाटणीचे नियम खेळीमेळीने ठरतात. शेत पिकल्यानंतर भाऊबंदांत बांध घालायला बसले की कोर्टकचेऱ्याच होतात.

या विषयावरचे संशोधन थांबवावे असे यातून सुचवावयाचे नाही. लघुग्रहांचा अभ्यास झालाच पाहिजे. त्यांच्यापैकी एखादा पृथ्वीवर आदळला तर काय होते, याची साक्ष बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर देत आहे. तो धोका ओळखून टाळणे हेच या अभ्यासाचे एक मोठे मोल आहे आणि ते डॉलरांत मांडण्याची गरज नाही. ज्ञानासाठी खर्च करावयाचा तर तो ज्ञानासाठी म्हणून करावा. त्यावर खजिन्याचे सोनेरी पाणी चढवू नये. सायकीकडे निघालेले यान तेथे पोहोचेल तेव्हा ते सोन्याचा तुकडाही परत पाठविणार नाही. ग्रहांच्या गाभ्याविषयी काही चांगली माहिती तेवढी पाठवील. त्या वेळी एकोणीस शून्यांचा आकडा पुन्हा छापला जाईल. तो वाचताना त्या शून्यांच्या डावीकडचा एक कोणाच्या खात्यावर मांडला जाणार आहे, एवढे विचारण्याची सवय वाचकांनी तोवर लावून घ्यावी.